खोडलेल्या तीन ओळी

आजीच्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची असे आमच्या थोरल्या काकांनी ठरवले. पहिल्या पानावर फोटो, शेवटच्या पानावर पसायदान आणि मधल्या पानांत आजीचा जीवनपट. घरात चार ओळी बऱ्या लिहिणारा मीच, म्हणून मजकुराचे काम माझ्याकडे आले. मी लिहून दिले. दोन दिवसांनी काका तो कागद घेऊन घरी आले. मजकूर त्यांना आवडला होता, एके ठिकाणी तर डोळ्यांत पाणी आले असेही त्यांनी सांगितले. फक्त तीन ओळींवर त्यांनी लाल शाईची रेघ मारली होती.

पहिली ओळ अशी होती : 'नवरा वारल्यावर तिने निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जवळजवळ तीस वर्षे मजुरी केली.' दुसरी : 'तिचे माहेर घटप्रभेच्या बाजूचे, लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता.' आणि तिसरी : 'धाकट्या सुनेशी ती सुरुवातीची काही वर्षे कठोरपणे वागली.'

ही धाकटी सून म्हणजे माझी आई.

"खोटं काहीच नाही यात," काका म्हणाले, "पण गेलेल्या माणसाचं हे कशाला काढायचं? चांगलं तेवढं ठेवावं माणसानं."

काकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हा संकेत आपल्याकडे आहे, तसा जगात इतरत्रही आहे, आणि त्याच्यामागे माणुसकी आहे. गेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर आरोप करणे हे भ्याडपणाचे लक्षण. पण त्या रात्री तो कागद पुढे घेऊन बसलो असताना मनात आले, की गेलेल्या माणसाला निंदेला जसे उत्तर देता येत नाही तसे स्तुतीलाही देता येत नाही. 'अरे, मी अशी नव्हते' असे फोटोतून आजी थोडीच सांगणार आहे? मग तिची आठवण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? ती होती तशी ठेवणे, की आम्हाला हवी तशी करून ठेवणे? सीमाभागातल्या आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न वाटतो तितका घरगुती राहत नाही, म्हणून वाचकांपुढे तो मांडावासा वाटतो.

आजीचे जन्मसाल कुठे नोंदलेले नव्हते. गांधीजी बेळगावला आले तेव्हा तू पाळण्यात होतीस, असे तिची आई तिला सांगे. बेळगावचे काँग्रेस अधिवेशन डिसेंबर 1924 मधले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. तेव्हा गेली त्या वेळी ती नव्वदीला टेकली होती असे धरायला हरकत नाही. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती निपाणीला आली. देश स्वतंत्र झाल्यावर तीन वर्षांत कुंकू पुसले गेले. पदरात तीन मुले, थोरल्याचे वय आठ. सासरची जमीन वाटणीत आधीच गेली होती. तिने वखारीची वाट धरली.

निपाणीची वखार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तंबाखूच्या ढिगाऱ्यात दिवसभर बसून बायका तंबाखू कुटत, चाळत, काडी वेगळी करीत. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून पदर तोंडावर गच्च बांधत, आणि तरीही ती जाई. आजी संध्याकाळी घरी आली की तिच्या आधी वास आत येई. न्हाऊन आल्यावरही तो केसांत राही. लहानपणी मला तो आजीचाच वास वाटे. तो तंबाखूचा आहे हे फार उशिरा कळले.

या बायकांची कहाणी आमच्या गावाबाहेर फार उशिरा पोहोचली. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली, आणि 1982 साली दीपा धनराज व त्यांच्या सहकारी बायकांच्या 'युगांतर' या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर लघुपट काढला. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च-एप्रिल 1981 मध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, त्यात शेतकरी मारले गेले. ते आंदोलन आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि ते असावेच. पण त्याच तंबाखूची धूळ फुप्फुसांत साठवून ज्यांनी मुले वाढवली, त्यांच्यातल्या बहुतेकींची नावे घरच्या फोटोखेरीज कुठे नाहीत. आणि आता आम्ही त्या फोटोखालूनही वखार पुसायला निघालो होतो.

काकांना वखारीची लाज का वाटावी? काका बँकेतून निवृत्त झाले. त्यांचे व्याही मोठे बागायतदार. पुस्तिका त्यांच्याकडेही जाणार. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण आजीने स्वतः वखार कधी लपवली नव्हती. आत्याच्या लग्नात तिने वखारीतल्या मैत्रिणींना पुढच्या रांगेत बसवले होते आणि वरपक्षाच्या मंडळींना "ह्या माझ्या बहिणी" म्हणून त्यांची ओळख करून दिली होती. वखार सुटल्यावरही तिने आपली चाळण ठेवली होती. संक्रांतीला तिळ त्याच चाळणीने चाळले जात. जिने स्वतः कधी झाकले नाही ते आपण झाकायचे, तर ती झाकाझाक तिच्यासाठी नसते. लाज आपली असते आणि पांघरूण मात्र तिच्या फोटोवर घातले जाते.

दुसरी ओळ अधिक अवघड होती.

आजी घरात मराठी बोले. शेजारीपाजारी, बाजारात, आमच्याशी, देवाशी मराठीच. पण हिशेब ती कानडीत करी. भाजीवालीला पैसे देताना ओठांतल्या ओठांत 'वंदु, एरडु, मूरु' चाले आणि नाणी हातात ठेवताना तोंडातून 'घे गं, बारा झालं' असे मराठी निघे. कोंबड्यांना ती कानडीत हाकली. घरातून निघताना आमच्याकडच्या बायकांच्या रीतीने आम्हाला 'येतो रे' म्हणे आणि समोरच्या अक्कांना 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येते. नुसते 'जाते' म्हणायची मुभा दोन्ही भाषांत नाही.

काका म्हणाले, "हे छापलंस तर उद्या कुणीतरी म्हणेल, बघा, ह्यांची आईसुद्धा कानडीच होती."

ज्यांनी आमच्या भागात आयुष्य काढले नाही त्यांना ही भीती हास्यास्पद वाटेल. आम्हाला वाटत नाही. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. 1967 च्या महाजन अहवालात निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही. महाराष्ट्राने 865 गावांवर दावा सांगितला, 2004 साली तो सर्वोच्च न्यायालयात नेला. या साऱ्या वादात खेडे हा घटक आणि भाषिक बहुसंख्या हा निकष आम्ही स्वतःच मागत आलो आहोत. म्हणजे दर दहा वर्षांनी दारात येणाऱ्या शिरगणतीच्या माणसाने 'मातृभाषा' या रकान्यात काय लिहिले, याच्यावर आमची मागणी उभी. अशा ठिकाणी घरातल्या भाषेचा प्रत्येक शब्द साक्षीपुराव्यात जातो, आणि माणसे आपल्या आईच्या तोंडातले शब्दसुद्धा मोजून बाहेर काढायला शिकतात. काकांचा दोष असलाच तर तो त्यांच्या एकट्याचा नाही.

तरीही त्या 'मातृभाषा' शब्दाशी मी अडखळलो. आजीची मातृभाषा कोणती? तिच्या आईची भाषा कानडी होती. ती स्वतः ज्या भाषेत आई झाली ती मराठी होती. रकाना एकच, आणि या दोन्हींतले काही खोटे नाही. शिवाय दरवर्षी एक नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, आमच्याकडे काळा दिवस पाळला जाई तेव्हा आजी फेरीत पायी चालत जाई, हेही मी मजकुरात लिहिले होते. त्या ओळीवर काकांची रेघ नव्हती. मी काकांना म्हणालो, "जन्मतः मराठी असलेल्या बाईने फेरीत जाणे सोपे. आजीने ही भाषा चौदाव्या वर्षी परक्या घरात, बोलणी खात शिकून घेतली आणि मग आपली मानली. तिचे माहेर खोडले तर तिचे मराठी होणेही तुम्ही अर्धे खोडता." फेरी संपवून त्याच संध्याकाळी ती समोरच्या अक्कांकडे राज्योत्सवाचा गोड घास खायला जाई. यात तिला कधी विसंगती दिसली नाही. विसंगती आम्हाला दिसते, म्हणून आम्ही तिच्यातली एक बाजू कापू पाहतो.

आपल्या साहित्याने हे आधीच करून दाखवले आहे, याचीही मी त्यांना आठवण दिली. बेळगावात आयुष्य काढलेल्या इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' 1994 साली आले. त्यातला लंपन आई-वडिलांपासून दूर, सीमेवरच्या गावात आजी-आजोबांकडे वाढतो, आणि तिथल्या मराठीत कानडी सहज मिसळलेली असते. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती पुस्तके उराशी धरली. त्या आजीमुळे मराठी उणी झाली असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. काका ऐकून घेत होते. म्हणाले, "पुस्तकातली आजी निराळी. ही माझी आई आहे." यावर मला उत्तर सुचले नाही.

तिसऱ्या ओळीविषयी मात्र मला स्वतःलाच खात्री नव्हती. एक तर आजीने ते कधी बोलून दाखवले नाही. आणि माझे तिच्यावर अतिशय प्रेम. आईला पहिली मुलगी झाली, मग दुसरीही मुलगीच. दुसरीच्या वेळी आजी पाचवीला आली नाही. शेजारच्या खोलीत बसून राहिली आणि पुढे कित्येक दिवस बाळाचे तोंड पाहिले नाही. मी तिसरा, मुलगा; त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती मांडीवर घेणारी, गुळाचा खडा हातात ठेवणारी आजी. एकाच घरात एकाच बाईचे दोन अनुभव होते. ती ओळ काढून टाकली तर माझा अनुभव तेवढा इतिहास होणार होता.

शेवटी मी आईलाच विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या काकांचं बरोबर आहे. आत्याबाई वाईट नव्हत्या. पण तू त्यांना देव करून बसवलास, तर मी काय इतकी वर्षं खोटं रडत होतो व्हय रे?"

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पाचवीला आल्या नाहीत ते लिही. आणि त्याच पोरीच्या ट्रेनिंग कॉलेजच्या फीसाठी हातातल्या पाटल्या मोडल्या, तेही लिही. दोन्ही लिही. एक लिहिशील तर काहीच लिहू नको."

माझ्या दुसऱ्या बहिणीच्या एस.एस.एल.सी.नंतरची ती गोष्ट. आजीने पाटल्या कधी मोडल्या, कुठे मोडल्या, हे कुणाला सांगितले नव्हते. पैसे तिने बहिणीच्या हातात ठेवले आणि वखारीतल्या बायकांसारखी तिथे बसू नको, एवढेच बोलली. क्षमा मागणे हा शब्दप्रयोग तिच्या कोणत्याच भाषेत नसावा. आईनेही 'माफ केलं' असे कधी म्हटले नाही. पण शेवटच्या आजारात आजीची मराठी हळूहळू निघून गेली आणि नुसती कानडी उरली, 'यव्वा, नीर कोडु' म्हणून ती आईला आपली आई समजून पाणी मागू लागली, तेव्हा कागलच्या माहेरची माझी आई अक्कांकडे जाऊन दहा-वीस कानडी शब्द शिकून आली होती. वयाच्या सत्तरीजवळ.

आईच्या त्या एका वाक्याने मला जे कळले ते मी इतके दिवस उलट्या बाजूने पाहत होतो. मेलेल्या माणसाचा दोष झाकताना आपण त्याच्यावर उपकार करतो असे आपल्याला वाटते. पण तो दोष कुणीतरी सोसलेला असतो, आणि ते माणूस बहुधा घरातच, पाने वाढत, जिवंत असते. स्तुतीची पुस्तिका त्याच्या हातात पडते तेव्हा त्याचे आयुष्य खोटे ठरते. शिवाय दोष पुसला की पाटल्यांचाही अर्थ जातो. जी मुळातच देव होती तिने पाटल्या मोडल्या यात काय विशेष? नातीचे तोंड न पाहणाऱ्या बाईने तिच्यासाठी त्या मोडल्या, हे विशेष.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची कहाणी सांगितली आहे. त्या वेडापायी घरातल्या बायकामुलांना जे सोसावे लागले, त्यातले काहीही त्यांनी लपवलेले नाही. आणि तरीही वाचून झाल्यावर मनात राग राहत नाही; हसू येते आणि त्या माणसाची कीव येते. प्रेम आणि खरेपणा यांचे भांडण लागलेच पाहिजे असे नाही, याचा मराठीतला पुरावा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

मग सगळेच सांगावे का? नाही. आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक लहानसे कापडी गाठोडे होते. जाण्याच्या काही महिने आधी, भानावर असताना, तिने ते माझ्याकडे दिले. "मी गेलो की नदीत सोड. उघडू नको." यमगर्णीच्या पुलाखाली वेदगंगेत मी ते सोडले. उघडले नाही. त्यात काय होते हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी ते या पानावर आले नसते. ते तिने स्वतः झाकले होते आणि त्यात दुसऱ्या कुणाचे दुःख आहे असे मला दिसत नव्हते. त्याच्यावर हक्क तिचाच.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा लागला. जे तिने झाकले नाही, ते झाकण्याचा अधिकार आम्हाला नाही. वखार आणि कानडी यांत आली. जे तिने एकटीचे म्हणून झाकले, ते उघडण्याचाही अधिकार नाही. गाठोडे त्यात आले. आणि जिथे तिच्या वागण्याची खूण दुसऱ्याच्या अंगावर उमटली आहे, तिथे निर्णय त्या दुसऱ्याने करायचा; नातवाने नाही, मुलानेही नाही. हा हिशेब सगळ्या घरांना लागू पडेल असा माझा दावा नाही. काही घरांत सोसलेले इतके असते की ते सांगण्याची ताकद कुणात उरत नाही, आणि तिथे मौन हेच खरे असू शकते.

पुस्तिका निघाली. वखारीची ओळ आत्याने परत घालायला लावली. "ती नसती तर मी नसते," एवढेच ती काकांना म्हणाली. तिसरी ओळ आईच्या शब्दांप्रमाणे बदलून आली, पाचवी आणि पाटल्या एकाच वाक्यात. दुसऱ्या ओळीबाबत काका हलले नाहीत. ते घरातले थोरले. मी ताणले नाही.

श्राद्धाच्या दिवशी जेवणे झाल्यावर समोरच्या अक्का काठी टेकत आल्या. फोटोपुढे बसल्या, पुस्तिका हातात घेऊन उलटसुलट केली. त्यांना मराठी बोललेले कळते, वाचता येत नाही. त्यांनी काकांना वाचून सांगायला सांगितले. काका त्यांच्याजवळ पाटावर बसले आणि एकेक वाक्य कानडीत सांगू लागले. काकांना इतकी अस्खलित कानडी येते हे आमच्या पिढीतल्या कुणालाच माहीत नव्हते. ती त्यांना कुणी शिकवली असेल हे विचारायची गरज नव्हती.

लग्नाच्या परिच्छेदापर्यंत आले तेव्हा अक्कांनी त्यांना थांबवले आणि काहीतरी विचारले. काका गप्प झाले. मग पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली आणि तिच्यात नसलेले बोलू लागले, घटप्रभेकडचे माहेर, चौदा वर्षांची मुलगी, सासरी कुणाचे बोलणे कळेना म्हणून परसात जाऊन कोंबड्यांशी बोलत बसायची, ते सगळे. मला तुटक तुटकच कळत होते. कोंबड्यांची गोष्ट आम्ही कधी ऐकली नव्हती. अक्का पदराने डोळे पुसत माना डोलावत होत्या.

संध्याकाळी काका जायला निघाले. चपला घालताना म्हणाले, "पुस्तिकेच्या काही प्रती उरल्यात. तुझ्या अक्षरात ती ओळ लिहून टाक त्यांच्यावर."

मी सगळ्या प्रतींवर लिहिली.